एक चहा थांब

४ मार्च

मामा,

पत्राच्या डोक्यावर काय लिहितात ते आईला विचारलं असतं. पण मग पत्र कुणाला, हे तिनं विचारलं असतं. म्हणून नुसतंच मामा.

मी तुमची भाची. तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी चार वर्षांची होते. आता सव्वीस. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात एक जुनी रेझिस्टन्स बॉक्स आहे. तिच्या तळाला तपासणीचा कागद चिकटवलेला आहे आणि त्यावर सही. आडनाव आईच्या माहेरचं, आणि शेवटच्या अक्षराची शेपटी आई काढते तशीच. कागदावरच्या पत्त्यावर चौकशी केली. तुम्ही निवृत्त झालात असं कळलं, घरचा पत्ता मिळाला.

घरी तुमचा विषय निघत नाही. निघालाच तर आई उठून कपाट आवरायला लागते. आमची कपाटं फार नीट असतात. बाबा दुकानात पंख्यांच्या आणि पंपांच्या जळालेल्या मोटरी नव्या तारेनं भरून देतात. ते एवढंच सांगतात, की तुम्ही दोघं शेजारशेजारच्या टेबलांशी काम करायचात, पुढे कंटाळा आला म्हणून त्यांनी ते सोडलं.

नात्यासाठी लिहितेय असं म्हटलं तर खोटं होईल. माझं काम अडलंय.

दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना काचेच्या पेटीत ठेवतात. त्यांच्या अंगाला लावायचा तापमानाचा सेन्सर आम्ही करतो. खसखशीच्या दाण्याएवढा. त्यावरचा लेप मी तयार केलाय, दोन वर्षं त्यातच गेली. सेन्सरमधून प्रवाह सोडायचा आणि व्होल्टेज मोजायचा, त्यावरून तापमान कळतं. प्रवाह फार थोडा द्यावा लागतो, अँपिअरचा लाखावा भाग. जास्त दिला तर दाणा स्वतःच तापतो आणि बाळाचं सोडून स्वतःचं तापमान सांगतो. तेवढ्या प्रवाहावर मिळणारा व्होल्टेज व्होल्टच्या हजाराव्या भागाएवढा. आणि तापमान एक अंशानं बदललं तर त्यात फरक पडतो चार मायक्रोव्होल्टचासुद्धा नाही.

यंत्र चांगलं आहे. किती प्रवाह, किती वेळ, कधी, हे सगळं आधी लिहून दिलं की ते मुकाट करतं. पण माझे आठही सेन्सर पाव अंश जास्त दाखवतात. माझ्याआधी ज्यानं जुन्या लेपाचे सेन्सर मोजले त्याचे बरोबर यायचे. त्याचाच प्रोग्रॅम मी वापरते. त्याला हात लावू नको असं सरांचं म्हणणं. त्यांच्या मते दोष लेपात आहे. ३१ तारखेपर्यंत कारण सापडलं नाही तर लेप रद्द, आणि लेपासाठी ठेवलेली मीही.

रेझिस्टन्स बॉक्सचे आकडे मी तपासले. इतक्या वर्षांनी एकही हललेला नाही. म्हणून तुम्हाला विचारावंसं वाटलं. खाली फोन नंबर देते.

तुमची भाची


१२ मार्च

चि. मुंगी,

हे नाव तुला आठवणार नाही. माझ्या टेबलावरचे वॉशर तू एकेक करून खुर्चीखाली नेऊन ठेवायचीस. रांगेत.

फोन करणार नाही. मला कमी ऐकू येतं. शिवाय आकडा कानानं घेऊ नये. लिहून पाठव.

तुमचं यंत्र मी पाहिलेलं नाही. आमच्या वेळी प्रवाह बॅटरीतून यायचा आणि तो स्थिर राहावा म्हणून आम्ही श्वास रोखून बसायचो. पण तुझी तक्रार ओळखीची आहे.

आठही सेन्सर एकाच बाजूला आणि तेवढेच चुकतात, असं तू लिहितेस. सगळी माणसं एकाच बाजूला झुकलेली दिसली तर आधी आपली मान बघावी. आठांना दोष देऊ नकोस.

दोन वेगळे धातू जिथे जोडलेले असतात, तिथला एक सांधा दुसऱ्याहून जरा गरम झाला की थोडा व्होल्टेज आपोआप तयार होतो. कुणी न मागता. मोठ्या मोजमापात तो दिसत नाही. तुझ्या मोजमापात तो पाव अंश होऊन बसेल. मीटर भोळा असतो, समोर येईल ते सगळं एकत्र मोजतो.

तराजू आधीच एका बाजूला झुकलेला असेल तर प्रामाणिक दुकानदार पारडी बदलून माल दोनदा तोलतो. तू प्रवाह उलटव. सेन्सरचा व्होल्टेज त्याच्याबरोबर उलटेल. सांध्यातला घुसखोर उलटणार नाही, त्याला तुझ्या प्रवाहाशी देणंघेणं नाही. एकातून दुसरं वजा केलंस की तो जातो. पण तोही जागेवर बसून राहत नाही, वाढतो, उतरतो. म्हणून दोन रीडिंग पुरत नाहीत. तीन घे. सुलट, उलट, सुलट. पहिल्या आणि तिसऱ्याची सरासरी काढ, तिच्यातून मधलं चिन्हासकट वजा कर, निम्मं कर.

आणि जे वजा केलंस ते फेकू नकोस. वेळेसकट वेगळं लिहून ठेव. चोर घराबाहेर काढला तरी तो कुठल्या खिडकीतून आला ते बघावंच लागतं.

मूळ प्रोग्रॅम तसाच राहू दे, दुसरा लिही. म्हणजे सरांचा शब्दही मोडत नाही.

घरी आशीर्वाद सांगायचे की नाही ते तू ठरव.

मामा


२० मार्च

मामा,

प्रोग्रॅम लिहायला एक दुपार लागली. आता प्रवाह देणारा सोर्स तो उलटवतो, मीटरला इशारा देतो, मीटरनं रीडिंग घेतलं की तो परत इशारा देतो, मग सोर्स पुन्हा उलटतो. मी फक्त बघत बसते. सेकंदाला कितीतरी वेळा हे चालतं. तुम्ही हातानं हे किती वेळा करायचात?

आठही सेन्सर बरोबर आले. अंशाच्या शंभराव्या भागात दोन-तीनाचा फरक, त्याहून जास्त नाही. सरांनी कागद दोनदा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला आणि रोज हेच येतं का ते महिनाअखेरपर्यंत बघ म्हणाले. म्हणजे अजून फाशी लांबणीवर, माफी नाही.

वजा केलेलंही लिहून ठेवलंय, प्रोग्रॅम दिवसरात्र चालूच असतो. सोबत आलेख आहे. रोज दोन टेकड्या दिसतात, एक अकराच्या सुमारास, एक चारच्या. पाच मिनिटांत चढतात आणि चाळीस मिनिटांत उतरतात. आधी वाटलं खिडकीतलं ऊन. पण ढगाळ दिवशीही टेकड्या आहेतच. मग वाटलं एसी. तो बंद करून पाहिला, सगळे घामाघूम झाले, टेकड्या तशाच. रविवारी सपाट. गुरुवारी फक्त सकाळची.

सर म्हणतात, वजाबाकीनं गेलं ना, मग विसर. पण तुम्ही खिडकी शोधायला सांगितलीत, म्हणून पाठवते.

सांधा गरम होऊ नये याची मी काळजी घेते. टर्मिनलला हात लावला की लगेच रीडिंग घेत नाही, हाताची ऊब जाईपर्यंत थांबते. त्यामुळे तर मला आणखीच नवल वाटतं.

मुंगी मला आठवत नाही. पण वॉशर अजूनही माझ्या खिशात सापडतात.

मुंगी


२७ मार्च

मुंगी,

तीन प्रश्न. अकराला आणि चारला तू काय पितेस? कप कुठे ठेवतेस? गुरुवारी चारला काय प्यायली नाहीस?

टेबलाचं चित्र काढून पाठव. अंतरं मोजपट्टीनं घे, अंदाजानं नको.

मामा


२ एप्रिल

मामा,

चहा. डावीकडे. आणि गुरुवारी दुपारी चहाचं यंत्र बंद होतं.

चित्र सोबत आहे. कप आणि डावीकडचं टर्मिनल यांत बारा सेंटिमीटर. उजवीकडे माझी वही असते. मी सकाळी अकराला जोडण्या करते, मग थांबते, थांबताना चहा घेते, आणि मग मोजते. दुपारी पुन्हा तेच. म्हणजे हाताची ऊब जावी म्हणून मी शेजारी चहा ठेवून बसत होते. हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदाच हसले. आधीचा माणूस चहा पीत नव्हता म्हणे. त्याचा एकाच दिशेचा प्रोग्रॅम त्यामुळेच चालून गेला.

थांबायची सवय आईची. "हात लावलास ना? आता एक चहा थांब." हे ती कशालाही म्हणते. इस्त्रीला, डिंक लावलेल्या वहीला, भांडण झाल्यावर बाबांना. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं म्हणतात. इथे म्हटलं तर कुणाला कळलंच नाही.

३१ तारखेला कागद दिला. लेप पास झाला. मलाही आणखी दोन वर्षं ठेवलं आहे. घरी सांगितलं, तुमचं नाव सोडून. आई खूश झाली आणि नेमकं हेच विचारलं, कुणी शिकवलं. मी पुस्तकात होतं म्हणाले.

एवढं मोठं काम तुम्ही तीन प्रश्नांत केलंत. कसं ओळखलंत?

मुंगी


२४ एप्रिल

चि. मुंगी,

उत्तराला उशीर झाला. तीन वेळा लिहून फाडलं.

कसं ओळखलं, ते सांगतो. 'एक चहा थांब' हे वाक्य माझं आहे. मोजमाप विभागात मी सगळ्यांना ते सांगायचो आणि घरी येऊन तुझ्या आईवर त्याचा सराव करायचो. माझं नाव घरात चालत नाही आणि माझं वाक्य चालतं.

आता दुसरं. ते तुला घरी कुणी सांगितलेलं दिसत नाही.

विभागात मला काटा म्हणायचे आणि तुझ्या बाबांना तार. ते एक ओहमच्या प्रमाण कॉइल गुंडाळायचे, ज्यांच्याशी ताडून बाकी सगळं मोजतात अशा. मी त्या तपासायचो. एका वर्षी त्यांनी स्वतःच्या पद्धतीनं दहा कॉइल केल्या. आठ महिने लागले. त्या पास झाल्या असत्या तर वाइंडिंगचा पूर्ण विभाग त्यांच्या हाती आला असता. फरक दहा लाखांत वीसपर्यंत चालणार होता. मला दहाही कॉइल तीसच्या आसपास जास्त दिसल्या. दहाही एकाच बाजूला. मी नापास केल्या. शेऱ्यात लिहिलं, 'गुंडाळणाऱ्याच्या हाताचा दोष'.

प्रवाह उलटवायची चावी त्या आठवड्यात दुरुस्तीला गेली होती. आठ दिवसांत येणार होती. थांबलो असतो तर लोक म्हणाले असते, मेहुण्यासाठी थांबला. हे कुणी म्हणालं नव्हतं. मीच ते आधी ऐकलं.

तुझी आई घरी आली. "दादा, पुन्हा मोज," म्हणाली. एवढंच म्हणाली. मी म्हणालो, "आकडा नात्यातला नसतो." ती उभीच होती, तशीच परत गेली. पुढच्या महिन्यात तुम्ही गाव सोडलं.

तुझा आलेख आला तेव्हा मी टेकड्या पाहिल्या आणि मला माझं टेबल दिसलं. टर्मिनलच्या डावीकडे कान असलेला जाड काचेचा पेला असायचा. रोज. त्या आठवड्यातही.

आठांना दोष देऊ नकोस, आधी आपली मान बघ, असं मी तुला किती सहज लिहिलं. बावीस वर्षांपूर्वी ते मला लिहिणारं कुणी नव्हतं, असंही नाही. तुझी आई आली होती.

नऊ कॉइल मोडीत गेल्या. एक तुझ्या बाबांनी नेली असं ऐकलं होतं. पितळी डबा, वर दोन जाड टर्मिनल, आत तेल. ती असेल तर मोजायची आहे. माझं चुकलं असं मला वाटतं. पण वाटण्याला मी आयुष्यभर किंमत दिली नाही, आता तरी कशी देऊ? आकडा हवा.

घरी विचारशील तर जपून विचार. तुझा सेन्सर तुला माहीत आहे. फार जोरात विचारलं की तो स्वतःच तापतो.

मामा


३ मे

मामा,

जोरात विचारलं गेलं.

जेवताना मी म्हणाले, "मामानं बाबांच्या दहा कॉइल नापास केल्या होत्या, ते खरं का?" तुमचं पत्र तीन दिवस खिशात होतं आणि मला तेवढंच वाक्य येत होतं. आई उठली. आमच्या घरात तीन कपाटं आहेत. तिन्ही आवरली. मग माळा. वरून धूळ पडत होती आणि आम्ही दोघं खाली जेवत होतो. बाबांनी जेवण पूर्ण केलं. "तुला पत्र लिहितो का तो?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. अक्षर अजून बारीक आहे का, विचारलं. मी हो म्हणाले. मग ते हात धुवायला गेले.

मी खोलीत जाऊन तुमच्यावर चिडले, त्यांच्यावर चिडले. बाबांच्या हाताला दोष आहे असं कागदावर लिहिलेलं आहे, आणि त्याच हातानं भरलेल्या मोटरी अख्ख्या पेठेत चालतात. हे तुम्ही लिहिलंत हे मला आवडलं नाही. लिहून ठेवते, म्हणजे आपल्यात ते राहायला नको.

सकाळी माझ्या पिशवीजवळ पितळी डबा ठेवलेला होता. हा डबा मी लहानपणापासून पाहते. बाबांच्या दुकानात कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला असतो. तो काय आहे हे मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं वजन.

बाबा म्हणाले, "आडवी करू नकोस, तेल सांडेल." आई स्वयंपाकघरात होती. ती बाहेर आली नाही, पण डब्याखाली घडी केलेलं मऊ फडकं होतं. ते बाबांचं काम नाही. बाबांना घड्या घालता येत नाहीत.

कॉइल आता प्रयोगशाळेत आहे. सरांनी एखाद्या शनिवारी यंत्र वापरू देईन म्हटलंय. कसं मोजू ते लिहा.

मुंगी


१० मे

चि. मुंगी,

चिडलीस ते बरोबर. लिहिलंस ते त्याहून बरोबर.

कॉइल एक दिवस खोलीत तशीच राहू दे, म्हणजे तेल खोलीच्या तापमानाला येईल. प्रवाह अँपिअरचा दशांश, मी तेवढाच देत होतो. तुमच्या प्रमाण कॉइलशी ताडून बघ. सुलट, उलट, सुलट. शंभर वेळा घे, तुझं यंत्र दमणार नाही.

एक ओहमच्या जवळ आली तरी माझी चूक सिद्ध होत नाही, हे ध्यानात घे. बावीस वर्षांत तार बदलते. तेव्हा तीसनं जास्त असेल आणि आज उतरली असेल, असं कुणीही म्हणू शकतो. मीच म्हणेन. म्हणून दुसरं मोजमाप कर. डावीकडे चहा ठेव आणि प्रवाह एकाच दिशेनं दे, मी दिला होता तसा. माझ्या वहीत त्या कॉइलसमोर एकतीस लिहिलेलं आहे. मोडीच्या यादीत फक्त सातवी नव्हती, म्हणजे डब्याच्या तळाला सात आकडा कोरलेला असेल, तीच ती. चहानं एकतीसच्या आसपास आणलं तर मग बोलायला जागा नाही.

आकडा निघेल तो निघो. तुझ्या बाबांच्या समोर मोज. मी ते केलं नव्हतं. मी निकालाचा कागद पाकिटात घालून शिपायाच्या हाती त्यांच्या टेबलावर पाठवला होता. टेबल माझ्याच टेबलाला लागून होतं.

मामा


१९ मे

मामा,

शनिवारी बाबा आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले, जसं काही त्यांनाच मोजणार होते. तळाला सात होता.

आधी त्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली. बॅटरी कुठे आहे विचारलं. बॅटरी नाही म्हटल्यावर जरा नाराज झाले. प्रवाह आपोआप उलटतो ते दाखवलं, तेव्हा पडद्याला नाक लावून बघत राहिले. "आमच्याकडे चावी होती," म्हणाले. "खट खट वाजायची. काटा झोपेतसुद्धा ती फिरवायचा."

पहिलं मोजमाप सुलट-उलट, शंभर वेळा. दहा लाखांत पाच जास्त. मी आकडा मोठ्यानं वाचला.  बाबा खुर्ची ओढून बसले.

मग मी म्हणाले आता चहा ठेवायचाय, आणि का ते सांगायला लागले. त्यांनी माझं पूर्ण ऐकलं नाही. यंत्रातून चहा घेऊन आले आणि कप टर्मिनलच्या डावीकडे ठेवला. वीतभर अंतरावर, कान बाहेरच्या बाजूला करून. मी तुमच्या पत्रातलं त्यांना काहीच वाचून दाखवलं नव्हतं, तरी जागा बरोबर ओळखली. या कामात राहिलेल्या माणसाला अशा गोष्टी कळत असणार.

एक चहा थांबलो. मग एकाच दिशेनं मोजलं. पस्तीस. काही मिनिटांनी तेहतीस. बत्तीस. कप निवत होता तसा आकडा उतरत होता. कप तिथेच ठेवून प्रवाह उलटवला. पुन्हा पाच.

मामा, कॉइल तेव्हाही बरोबर होती. दहाही बरोबर असणार. आता वाटण्याचा प्रश्न नाही.

मला वाटलं होतं बाबांना आनंद होईल, किंवा राग येईल. त्यांनी तो गार चहा उचलून पिऊन टाकला. मग एक कागद मागितला. घरी गेल्यावर ते आणि आई स्वयंपाकघरात दार लावून बोलत होते. कपाटाचा आवाज आला नाही.

तुम्ही येणार का, असं मला विचारायचंय. पण माझ्याआधी बाबांनीच पत्र लिहिलंय. म्हणतात याच पाकिटात माझंही जाऊ दे. ते त्यांनी स्वतः चिकटवून दिलं, त्यामुळे त्यात काय आहे मला माहीत नाही.

तुमची मुंगी


१९ मे

काटा,

लिहायची सवय नाही. मोटरच्या पावतीवर नाव घालतो, तेवढंच.

पोरीनं तुझी पत्रं काल वाचायला दिली. तू सगळं लिहिलंस. चावी लिहिलीस, मेहुण्याचं लिहिलंस, पेलाही लिहिलास. तो पेला तिथे कोण ठेवायचं, तेवढं मात्र लिहिलं नाहीस.

मी ठेवायचो. रोज, अकराला आणि चारला. तुझा उजवा हात डायलवर असायचा. उजवीकडे ठेवला की कोपर लागून सांडायचा, एकदा तुझी पूर्ण वही भिजली होती. म्हणून डावीकडे. कान बाहेर करून.

मला हे इथे आल्यावर तिसऱ्या वर्षी कळलं. दुकानात एक मीटर दुरुस्त करत होतो. तापलेली सोल्डरिंगची सळई टर्मिनलशेजारी ठेवली आणि मीटरचा काटा हलला. सळई उचलली, काटा परत आला. चार-पाच वेळा केलं. मग दुकान बंद करून घरी आलो.

तुला कळवायचं होतं. पण काय कळवू? तू आकडा चुकवलास असं लिहिलं असतं तर पुढे लिहावं लागलं असतं की चुकवायला मी लावला. तू माझ्या दहा कॉइल मोडल्यास असं हिला वाटत राहिलं, आणि एकोणीस वर्षं मी ते तसंच राहू दिलं. माझा चहा होता हे मी तिलाही सांगितलं नव्हतं. ते काल सांगितलं.  मग ती म्हणाली, दोघंही एकमेकांना सांभाळत बसलात आणि कपाटं मी आवरली.

तू पोरीपासून ते का लपवलंस ते कळलं. तेवढं पुरे आहे. आता त्यावर बोलायचं नाही.

कामाचं लिहितो. त्या पद्धतीची तार माझ्याकडे थोडी उरली होती. पोरगी डबा घेऊन गेली त्या दिवसापासून अकरावी गुंडाळायला घेतली आहे. हात बसायला आठ दिवस लागले. आता बसलाय. महिनाभरात होईल. तिच्या प्रयोगशाळेत मोजता येईल, पण मोजणारा तू हवास. सही तुझी हवी. पास झाली तर पास लिही, नापास झाली तर नापास. शेरा माझ्यासमोर लिही.

चहा मिळेल. स्वयंपाकघरात बसून.

तार

दादा, हे मी खाली लिहितेय. कपाटं सगळी आवरून झाली आहेत. ये.